बटण, टाचणी आणि एका ताग्यातलं कापड

दि. ४ मार्च

चि. ढगू हीस,
अ. आ.

आधी बातमी, नाहीतर अर्ध्यावरच घाबरशील. तुझी बटण वाचली. हे माझं मत नव्हे. आज सकाळी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला उलटीसुलटी करून पाहिलं आणि पाठीवरची जखम कोरडी पडते आहे, आता भीती नाही, असं सांगितलं. आता बाकीचं बसून वाच.

रीळ म्हातारपणाने गेली हे मागच्या पत्रात लिहिलंच होतं. त्यानंतर बटणने खाणं टाकलं. दाणा दोन्ही हातांत धरायची, फिरवून बघायची आणि खाली ठेवायची. बहीण जिथे झोपायची त्या कोपऱ्याकडे तोंड करून अंग फुगवून बसायची. मला बघवेना. तू तिकडे बेटावरच्या वेधशाळेत ढग मोजत बसलेली, टपालाची बोट आठवड्यातून एकदा. विचारायचं कुणाला? गेले पाळीव प्राण्यांच्या दुकानात. बटण-रीळसारखी पांढरी उंदरीण नव्हती. पाठीवर राठ, टोचऱ्या केसांची एक तपकिरी होती. उंदीर तो उंदीर, सोबत झाल्याशी कारण, असं दुकानदार म्हणाला. त्याला बोल लावत नाही. पटवून घ्यायला मी घरूनच तयार होऊन गेले होते. तिचं नाव मी टाचणी ठेवलं.

आता माझी अक्कल ऐक. नाटक कंपनीत जन्मभर कपडे शिवले. कुठूनकुठून आलेले चार नट असले तरी एकाच ताग्यातलं कापड अंगावर चढवलं की प्रेक्षकांना ती सख्खी भावंडं वाटायची. मी तेच केलं. एकाच फ्लॅनेलच्या, दोघींना झोपायला दोन पिशव्या शिवल्या, एकात एक घातल्या, एक वास झाला असं समजले आणि टाचणीला सरळ बटणच्या पिंजऱ्यात सोडलं. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळणं हातात होतं आणि पिंजऱ्यातून अशी किंकाळी आली की गाळणं तिथेच टाकून धावले. बाही बेतायचा पुठ्ठा हाताशी होता, तो दोघींच्या मध्ये सारला, म्हणून निभावलं.

दवाखान्यात कोण घेऊन गेलं सांगू? तुझी आई. उंदीर म्हटलं की खुर्चीवर चढणारी आमची ताई पूर्ण रस्ताभर खोकं मांडीवर धरून बसली होती. डोळे मिटलेले, पण हात घट्ट. परत आल्यावर मात्र मला भरपूर बोलली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. एकीचा इशारा दुसरीला कळत नाही, आणि टाचणीसारखी काटेरी उंदरीण अंगाने दांडगी. त्यांना पुन्हा कधी एकत्र ठेवायचं नाही. सोबत हवीच, पण तिच्याच प्रकारातली.

तू विश्वासाने ठेव ठेवून गेलीस आणि मी हे केलं. रागव. पण उत्तर पाठव.

तुझी मावशी


दि. ११ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बोट धक्क्याला लागायच्या आत पत्र फोडलं, आणि तू पहिल्या ओळीत बातमी लिहिलीस म्हणून धक्क्यावरच तुला नमस्कार केला. इथल्या स्वयंपाक्याने विचारलं, घरी सगळं बरं ना? मी म्हटलं, बटण वाचली. त्याने माझ्या कोटाकडे पाहिलं आणि बरं म्हणाला.

रागावू कशी? पाचवीत मधेच शाळा बदलली तेव्हा त्या शाळेच्या गणवेशाचं कापड दुकानात संपलं होतं. तू चार पेठा पालथ्या घालून तोच निळा रंग शोधलास, मला कुणी नवी म्हणू नये म्हणून. मुलींनी पहिल्या तासातच ओळखलं मी नवी आहे, आणि दोन आठवडे कुणी शेजारी बसलं नाही. हे तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू दारात उभी राहून इतकी खुशीत विचारत होतीस. पण एक खरं आहे. वर्गात पाऊल टाकताना मला भीती वाटली नव्हती. तो फ्रॉक अंगावर होता म्हणून. तेव्हा तुझ्या कापडाला नावं ठेवू नकोस. ते ओळख करून देत नसेल, धीर देतं.

बटण म्हातारी आहे, हे मलाही माहीत आहे. ती आणखी किती दिवस काढेल ते तुझ्या-माझ्या हातात नाही. माझं मागणं एवढंच की ते एकटीने काढू नयेत. डॉक्टरीणबाई सांगतील तसं कर, घाई करू नकोस. आणि टाचणीचं काय? तिनेही काही मागून घेतलं नव्हतं.

आईला सांग, ढग मोजणारी तुझी लेक म्हणते, असं खोकं धरायला छाती लागते. प्रत्यक्ष सांगितलं तर ती उडवून लावेल, म्हणून हे पत्रच तिच्यासमोर मोठ्याने वाच.

उंदरांपायी माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी ढगू


दि. २५ मार्च

चि. ढगू हीस,
अ. आ.

पत्र मोठ्याने वाचलं. ताईने उडवून लावलं, मग चष्मा पुसायला आत गेली आणि बराच वेळ पुसत राहिली. निळ्या फ्रॉकचं मला आजवर ठाऊक नव्हतं. कळलं ते बरं झालं. आणि तू धीराचं लिहिलंस, ते त्याहून बरं.

टाचणी मार्गी लागली. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीच्या एका शाळामास्तरांकडे तिच्याच प्रकारच्या काटेऱ्या आहेत. तिथेही तिला अजून जाळीपलीकडेच ठेवलंय, पण मास्तर सांगत होते की ती जाळीला पाठ लावून झोपते आणि पलीकडून एक जणी तशीच झोपते. मला फार हलकं वाटलं.

आपल्याकडे दोन पांढऱ्या पोरी आल्या आहेत, एकाच वेतातल्या. नावं ताईने ठेवली, काज आणि हूक. आधी त्यांना वेगळ्या खोलीत ठेवून डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मग पिंजऱ्याला पिंजरा लावला, मध्ये जाळी. आणि गंमत ऐक. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच विचारलं, बाई, तुमच्या त्या पिशव्या आहेत ना? रोज बटणची पिशवी पोरींना द्यायची आणि पोरींची बटणला. कापड एक असून भागत नाही म्हणे, ते एकमेकींनी वापरलेलं लागतं. तेव्हा तुझी मावशी अगदीच चुकली नव्हती.

बटण खायला लागली आहे. पहिल्यांदा दाणा जाळीजवळ नेऊन खाल्ला, पोरींच्या नाकासमोर, जरा तोऱ्यातच. त्या दिवशी ताई आणि मी दोघी टाळ्या वाजवत होतो. भांडायला विषयच उरला नव्हता.

कपडे भिजवायचा मोठा टब धुऊन कोरडा केला आहे, कुणाचाच वास राहू नये म्हणून. रविवारी चहा झाला की त्यात मध्ये जाळी उभी करून तिघींना दोन बाजूंना सोडायचं आणि मग जाळी काढायची. ती ताईच उचलणार म्हणते. मी बाहीचा पुठ्ठा घेऊन शेजारी उभी राहीन. तो वापरायची वेळ येऊ नये, एवढं तू तिथून मनात म्हण.

तुझी मावशी