मुळांतली बुरशी आणि तीन झाकणं

तस्तूर, शुक्रवार

शाझलीदादास मंजीचा सलाम. तुझा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि बिझर्तची समुद्रावरची हवा, तिन्ही ताळ्यावर असोत. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, डाळिंबं सोडून.

त्याला कारण तुझी लेक. (सिरीनवर रागावू नकोस, ते काम माझं करून झालंय.) मार्चमध्ये तिने माझ्या नव्या साठ रोपांतली काही मुळं प्रयोगशाळेत तपासली आणि पत्राने कळवलं, "काका, मुळांत सत्तर टक्के बुरशी आहे." पुढेही बरंच लिहिलं होतं. पण तुझ्या घरात सत्तर टक्के उंदीर आहेत असं कुणी कळवलं, तर तू पुढचं वाचत बसशील का? मी तडक बाजारातून सगळ्यात जालीम बुरशीनाशक आणलं. डब्यावर एक झाकण लिहिलं होतं, मी तीन घातली (सत्तर टक्के म्हणजे काही थोडीथोडकी नाही), आणि प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी ओतलं. दोनदा, कारण शेजारी बघत होते.

मे उजाडेपर्यंत पानं जांभळट पडली आणि रोपं होती तेवढीच राहिली. खत घातलं, तरी ढिम्म. शेवटी तुझ्या भावजयीने, नजियाने, ते पत्र काढून मला मोठ्याने वाचून दाखवलं. पुढचं वाक्य होतं, "अभिनंदन." ही बुरशी म्हणे झाडाच्या घरचीच. मुळांचा हात पोचत नाही तिथून ती अन्नपाणी आणते, झाड तिला बदल्यात साखर देतं. म्हणजे मी माझेच पाणके मारले. "बत्तीस वर्षं माझंही पहिलंच वाक्य ऐकत आलात," एवढं बोलून नजिया मिरच्या भाजायला गेली.

सिरीनला फोन केला. ती रागावली नाही, म्हणून जास्त लागलं. म्हणाली, औषध बंद करा, आणि जिथे वर्षानुवर्षं काही फवारलं नाही अशा निरोगी डाळिंबाखालची माती, बारीक मुळांसकट, रोपांना घाला. मी म्हटलं, "अशी बाग तस्तुरात आहे कुणाची?"

"बाबांची," ती म्हणाली.

दादा, तुझ्या बागेला मी कॅफेत बसून जंगल म्हणतो असं तुझ्या कानावर आलं असेल, तर ते खरं आहे. तू ईदला येतोस, झाडांखाली झोपतोस आणि जातोस. औषधाचा थेंब नाही. आणि तुझी झाडं फळांनी वाकलीत. (हे लिहिताना मला काय होतंय ते मलाच ठाऊक.) तेव्हा धाकटा भाऊ म्हणून मागतो, थोडी माती दे. तू हो म्हणालास तरच हात लावीन.

तुझा,
मंजी

ता. क. थोडी म्हणजे चाळीस पोती.

ता. क. २. ती मी गेल्याच महिन्यात नेली. अकरा रोपांना पालवी फुटलीये, त्यामुळे आता नाही म्हणून उपयोग नाही.

ता. क. ३. गाढवाची गाडी आत शिरेना म्हणून मधली भिंत पाडावी लागली. तीच, पाटाच्या पाण्यावरून भांडून आपण बांधली ती. परत बांधायची असेल तर ये, दोघं मिळून बांधू. मला काही घाई नाही.