अस्तंब्याचा उतार

कोरीट,
२५ सप्टेंबर २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, ते माझ्या पथ्यावरच पडलं. मलाही फोनवर काही बोलायला सुचत नाही. समोरचा हॅलो हॅलो करतो, मी ऐकत बसतो.

काजलची आई गेली त्याला आता पावसाळा उलटला. जेवतो, झोपतो. एसटी डेपोतले जुने लोक भेटायला येतात, मी चहा करतो. परवा तिच्या माहेरची माणसं रडली, मी त्यांना टॉवेल आणून दिला. तू विचारशील म्हणून आधीच सांगतो, मला वाईट वाटत नाही. बरंही वाटत नाही.

म्हैस शेजारच्या दोधूला देऊन टाकली. शेताचे कागद काजलच्या नावावर करायला दिलेत. आता अस्तंब्याचा डोंगर चढावा म्हणतो, दिवाळीच्या यात्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत. नोकरीभर यात्रेच्या गाड्या दुरुस्त करून पाठवल्या, स्वतः कधी गेलो नाही. एकटाच जाणार होतो, पण काजल नाशिकहून रजा काढून येते म्हणाली. नको म्हटलं तर ऐकत नाही. तुझ्यावर गेलीय.

तू गुडघ्याला तेल लावत जा. माझं काही चुकलं असेल तर मनात ठेवू नकोस.

तुझा,
हेमकांत


अक्कलकुवा,
३० सप्टेंबर २०२५

चि. काजल हिस,
अ. उ. आ.

तुझ्या बापाचं पत्र आलं. वाचून हातातलं काम तसंच राहिलं. तू मोठी आहेस, म्हणून सरळ लिहिते. म्हैस दिली, शेत तुझ्या नावावर, आणि वर मला लिहितो की चुकलं तर मनात ठेवू नकोस. डोंगर चढून परत येणारा माणूस असं लिहीत नाही गं. मन्हा भाऊ शे तो, मी त्याला ओळखते. लहानपणी रुसून घरातून निघायचा तेव्हाही आधी आपलं दप्तर नीट लावून ठेवायचा.

मी जाऊ नको म्हटलं तर तो हो म्हणेल आणि गुपचूप एकटा जाईल. म्हणून तू सोबत जाच. त्याले एकला सोडू नको. ‘तू पुढे हो’ म्हणाला तरी पुढे होऊ नको. रागावला तर रागावू दे, तेवढं तरी होऊ दे. आईची आठवण काढून त्याला रडवायच्या भानगडीत पडू नकोस, ते सगळ्यांनी करून पाहिलं. खाली आल्यावर त्याला नंदुरबारला डॉक्टरकडे न्यायचं, ते आपण दोघी बघू.

पोटभर खाऊन निघा. माझा जीव तुमच्यासोबत डोंगरावर आहे, त्याला घेऊन परत या.

तुझी फुई,
तुळशीबाई


कोरीट,
८ ऑक्टोबर २०२५

ती. फुईस,
सा. न.

आम्ही दोघं घरी आहोत. हे आधी.

डोंगराच्या पायथ्याच्या असली गावापर्यंत जीपने गेलो. तिथून रामसिंग नावाचा वाटाड्या घेतला. पाऊस नुकताच उघडला होता, गवत कमरेएवढं. आप्पा ड्यूटीला निघाल्यासारखे चढत होते. मी काही विचारलं की हो किंवा नाही. वर देवापाशी त्यांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं. मग म्हणाले, तुम्ही दोघं उतरायला लागा, मी जरा बसतो, मागून येतो. आवाज अगदी साधा होता. मीठ इकडे दे म्हणावं तसा.

मी तिथंच खाली बसले आणि म्हटलं, आप्पा, माले उतरता येत नही, भ्याव वाटस. हे बोलायचं असं ठरवलं नव्हतं. ती सबबच होती, पण बोलता बोलता खाली बघितलं आणि माझे पाय खरोखर गेले. रामसिंग म्हणाला, मी धरतो. मी त्याचा हात घेतला नाही. मग आप्पांनी वाकून बुटाची नाडी घट्ट केली आणि माझ्या खालच्या दगडावर जाऊन उभे राहिले.

तो सगळा कडा ते डोंगराकडे तोंड करून उलटे उतरले. माझं एकेक पाऊल हातात धरून दगडावर ठेवायचे. इथं, म्हणायचे. आता इथं. सपाटीला आलो तरी माझा घोटा सोडायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, वर कशासाठी बसायचं होतं. त्यांनी खरं ते सांगितलं. उद्याची डॉक्टरांची वेळ घेतलीय, येतो म्हणालेत. मी इतक्यात नाशिकला जात नाही. तूही जमेल तशी ये. तुझ्यावाचून इथे मला रागावणारं कुणी नाही.

तुझी,
काजल


कोरीट,
१० ऑक्टोबर २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

काजलने सगळं लिहिलंच असेल. तू रागावली असशील, ते बरोबर आहे.

ती खरंच घाबरली होती की मला खाली आणायला तसं म्हणाली, ते मी विचारलेलं नाही. पाय मात्र तिचा गारठलेला होता.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बोलायला पुन्हा बोलावलंय. काय वाटतं म्हणून विचारत होते. काही नाही म्हटलं. अजून तसंच आहे, तुला खोटं लिहीत नाही. फक्त ओट्याच्या पायऱ्या उतरताना मांड्या अशा भरून येतात की तोंडातून आई गं निघतं, आणि काजल आतून हसते.

आज मुद्दाम दोनदा उतरलो.

येशील तेव्हा कळव, स्टँडवर घ्यायला येतो.

तुझा,
हेमकांत