मागितलेलं पाणी

तासगाव, मंगळवार संध्याकाळ, १९९४

ड्यूटी संपवून सांगलीहून एसटीने येत होते. वाटेत ट्रॅक्टरला धडकून एक मोटारसायकलवाला पडलेला. अंगावर साधी साडी, तरी नर्स आहे म्हणत उतरले. तो अर्धवट शुद्धीत पाणी मागत होता. एक आजी तांब्या घेऊन आली. मी तिचा हात धरला. अशा वेळी पाणी श्वासनलिकेत जातं.

"आगं पोरी, मरत्या जिवाला पानी बी न्हाई? कसली गं नर्स तू?"

त्याला कुशीवर वळवून टेम्पोतून सांगलीला आमच्याच दवाखान्यात पाठवलं. पाणी दिलं नाहीच. वॉर्डात पेशंटला पाणी बंद सांगताना कधी काही वाटत नाही. इथे तो माझ्याकडेच बघत होता. वाटेत गेला असेल तर तहानलेला गेला, आणि ते माझ्यामुळे.

उद्या ड्यूटीवर जाताच चौकशी करायची. उत्तर काहीही येवो, पुढच्या वेळीही उतरेन. तांब्याही अडवेन.