विमानासाठी चुना

माय,

विमान आता चुन्याची फुली बघत नाही. तुला हे कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि तू गेल्यावर इतक्या वर्षांनी ते माझ्याच वाट्याला आलं. धरणाच्या पहिल्या मोजणीच्या वेळी साहेबांनी पूर्णेकाठच्या आपल्या वावरात मोठी पांढरी फुली आखून दिली होती. विमानातून फोटो काढायचे आणि अशा खुणांवरून नकाशा बसवायचा. विमान येईपर्यंत फुली पुसू देऊ नका, एवढंच ते म्हणाले, आणि तू ते काम अंगावरच घेतलंस. ढगांमुळे विमान लांबत गेलं. तू रोज चुलीआधी चुना कालवतेस, पुसट झालेल्या कडा हाताने भरतेस आणि काठी घेऊन बांधावर बसतेस. "बकरी घुसली त इमान रस्ता चुकन ना बाबू," म्हणतेस. शेवटी ते आलं तेव्हा पदर सावरायचं सोडून तू दोन्ही हात हलवलेस, आणि मग कित्येक दिवस विचारत राहिलीस, "मी आली असन काय रे फोटोत?" त्या नकाशात आपलं घर आणि वावर, धरणाचं पाणी जिथवर चढणार त्या रेघेबाहेर राहिलं. तुझ्या मते ते तुझ्या फुलीनेच राखलं होतं.

पुढे मी याच धंद्यात शिरलो. विमानातून झालेल्या मोजणीचे नकाशे कंप्युटरवर बसवतो. विमान नेमकं कुठे आहे, हे आता उपग्रह सांगतात. पूर्वी सामान्य लोकांना मिळणाऱ्या त्यांच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असायची. ती काढून टाकली, यंत्रंही सुधारत गेली, आणि गावोगाव फुल्या आखायचं काम जवळजवळ संपलं. तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते, मूर्खासारखे. मग गावात कपाशीच्या बीटी बियाण्याची पाकिटं आली, दादानेही तीच पऱ्हाटी लावली, आणि त्याच सुमारास धरणाची नवी मोजणी निघाली. या वेळी आपलं घर आणि वावर रेघेच्या आत आलं. हातभर पाण्यात.

मी हिशेब पुन्हा पुन्हा तपासला. जमिनीवर मोजणीची दुर्बीण लावूनही पाहिलं. चूक सापडत नाही. आजवर चुका काढायचा पगार घेतला आणि आता एका चुकीसाठी देवापुढे नाक घासतोय. दादा फोनवर म्हणतो, "हातभर तर हाय. सरकव ना थोडी रेघ. तू माहा सख्खा भाऊ हायेस ना बे?" मी म्हणालो, "दादा, रेघ सरकवली तरी पाणी सरकत नाही. पोरं झोपली असतील अन् घरात शिरन."  तो म्हणाला, "मंग मायचं घर सोडून जाऊ कुठी, थे तरी सांग."  नकाशा उद्या द्यायचा आहे. ज्याला विचारावं असं कोणी उरलेलं नाही, माय.

हा कागद टपालात टाकायचा नाहीच, तर एक सांगून टाकतो. नव्या मोजणीचं विमान कधी उडणार ते मला ठाऊक होतं. रजा काढून गावी गेलो आणि पऱ्हाटी उपटलेल्या वावरात, तुझ्याच जागी, चुन्याची फुली आखली. दादाला वाटलं, सरकारी काम असेल. फोटोत ती स्वच्छ दिसते. तिच्या बाजूला एक ठिपका आहे, तो मी. दोन्ही हात हलवत होतो.