पाण्याच्या पानावरची पिवळी रेघ

७ एप्रिल, मंगळवार

सोमवारपासून शहराचं पाण्याचं वेळापत्रक बदलतंय. बसूने दुजोरा दिला. बसू पाण्याचे व्हॉल्व्ह सोडतो, त्यामुळे याच्याइतकं खात्रीचं सूत्र मला सगळ्या नोकरीत मिळालं नाही. "मॅडम, पक्कं हाय. उन्हाळा लागलाय, समदं पुढं सरकणार की."

म्हणजे 'पाणी कधी?' हे इंटरनेटवरचं पान नव्याने मांडायचं. आपला भाग निवडा, पाणी कोणत्या दिवशी ते दिसतं — एवढंच ते पान. पण लोक ते बघून पिंपं घासायला काढतात. उभारलं वरदने, माझ्या भाच्याने, हैदराबादला जायच्या आधी. पेपरमधून निवृत्त झाल्यावर मी त्यात छोटे बदल करायला शिकले.

वरदला फोन केला. म्हणाला, "मावशी, या वेळी मी हात लावणार नाही. मेपासून नवी कंपनी, ते बाहेरचं काम करू देत नाहीत. सोमवारचं पान तू एकटीने चढवलंस तर पुढे पान तुझं. नाही जमलं तर बंद करू. चुकीचा वार सांगण्यापेक्षा पान नसलेलं बरं."

बंद! असं कसं बंद?

"आणि आधी लिंटर लाव."

"ते काय असतं?"

"तुमचे ते पंचाक्षरी होते ना, प्रूफरीडर? तसा. तू लिहीत असतानाच कोडमधल्या चुकांखाली रेघ मारतो. फक्त चहा मागत नाही."

८ एप्रिल, बुधवार

लिंटर बसवला. कोड लिहायच्या एडिटरमध्ये शोधला, 'इन्स्टॉल' दाबलं, झालं. फाईल उघडली — एकही चूक नाही! वरदला लगेच कळवलं, जरा ऐटीतच.

उत्तर आलं : "मावशी, तो चालूच नाहीये."

मी नुसती फाईल उघडली होती. उघडायचं असतं अख्खं फोल्डर, आणि त्यात नियमांची एक फाईल ठेवायची असते. ती नसेल तर साहेब मूग गिळून बसतात. पंचाक्षरी असे कधी गप्प बसल्याचं आठवत नाही.

९ एप्रिल, गुरुवार

बोलायला लागला! आणि काय बोलतोय — पडदाभर लाल रेघा. कंस उघडा राहिलाय, स्वल्पविराम नाही, अवतरणचिन्हं कुठे एकेरी कुठे दुहेरी. मग वरदने सांगितलेली खूण सापडली : फाईल सेव्ह केली की किरकोळ चुका त्याने आपणहून दुरुस्त करायच्या. सेव्ह केलं आणि निम्मं लाल डोळ्यांदेखत गेलं. असा माणूस डेस्कवर असता तर आम्ही वेळेवर जेवलो असतो.

लाल आहे, आणि पिवळंही आहे. हे मला समजावून सांगायला नको. पंचाक्षरींचंही तसंच होतं. लाल शाई म्हणजे दुरुस्त केल्याशिवाय पान सुटणार नाही. पेन्सिल म्हणजे वेळ असला तर बघा. आम्हाला वेळ कधीच नसायचा. आणि त्यांचं लाल चुकीचं वाटलं तर उपसंपादकाने शब्दाखाली टिंबं द्यायची, बाजूला लिहायचं — 'तसंच ठेवा', आणि सही. मग पंचाक्षरी मान हलवून पुढच्या ओळीला.

१० एप्रिल, शुक्रवार

सोनाबाई कडक भाकरी घेऊन आल्या. हिरेमठ वस्तीतून चालत येतात, दर शुक्रवारी. संगणकाकडे बघून थबकल्या.

"कुनी तपासला ओ बाई ह्यो पेपर? नापासच केलंय की तुमास्नी!"

"यंत्र तपासतंय, सोनाबाई."

"लई कडक मास्तर हाय."

त्यांच्या लेकीची, रेश्माची हळद बुधवारी. घरासमोर मांडव, पाहुणे वैरागहून. "पान्याचं तेवढं सांगा. मंगळवारी आलं तर निभतंय. वस्तीतली समदी तुमचंच पान बघत्यात."

सोमवारी पानावर दिसेल, म्हटलं. बघतेच म्हणाल्या.

११ एप्रिल, शनिवार

दिवसभर पेठा नव्या वारांवर हलवल्या. लाल सहा-सात उरलेत. कमरेत उसण भरली.

१२ एप्रिल, रविवार

पान चढलं! संध्याकाळच्या दिवेलागणीआधी. लाल एकही नाही.

शेवटच्या घटकेला बसूचा फोन आला. छपाईआधी नेहमीच येतो तसा. "मॅडम, हिरेमठ वस्ती येगळी झाली. नव्या टाकीवर गेली. तिला मंगळवार टाका." जुन्या गटातून वस्ती काढली, नवी ओळ लिहायला घेतली, तेवढ्यात शेजारच्या सरोजिनीताई दारात — लिफ्ट बंद का? मला काय माहीत लिफ्ट बंद का! त्यांना वाटेला लावून परत बसले, तपासलं, लाल काही नव्हतं, सोडून दिलं.

एक पिवळी रेघ राहिली आहे. वेळ मिळाला की बघू.

वरदचा निरोप : "शाब्बास." नुसतं शाब्बास. तरी बरं वाटलं.

१३ एप्रिल, सोमवार

दुपारी सोनाबाईंचा फोन.

"बाई, आमची वस्ती कुटं गेली?"

"म्हणजे?"

"पानात न्हाय की! रेश्मानं वरनं खालपर्यंत बघितलं. होटगी रोड हाय, पेठा हायत, आमीच न्हाय. शेजारचा चनबसप्पा म्हनतोय, वस्ती उठवली का काय सरकारनं?"

हसल्या, पण पुढचं हसून नव्हतं. "उद्या पानी येनार का न्हाय, तेवढं खरं सांगा. पिंपात मांडवाचा बाजार भरून ठेवलाय. रिकामी करायला लागतील."

"येणार. पहाटे. पिंपं रिकामी करा."

फोन ठेवला आणि पिवळ्या रेघेवर बाण नेला. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : 'हिरेमठ वस्ती' हे नाव इथे लिहिलंय, पण कुठेच वापरलेलं नाही.

कालपासून लिहिलेलं होतं. वस्तीचा वार मी लिहिला, आणि दारावरून परत आल्यावर तो यादीत जोडलाच नाही. लिंटरने पाहिलं, सांगितलं. मी पेन्सिल समजले.

एका ओळीचं काम. लगेच केलं. मग बसूला विचारून वार पुन्हा पडताळला. मग वरदला सगळं जसंच्या तसं कळवलं. लपवायचं कशाला? पान बंद कर म्हणाला तर म्हणू दे.



१४ एप्रिल, मंगळवार

पाणी आलं. सोनाबाईंचा फोन, मागे घागरी वाजत होत्या, आवाज नीट ऐकूच येईना. "भरली! समदी भरली! चनबसप्पा चड्डीवर धावला ओ!"



१५ एप्रिल, बुधवार

हळदीला जाऊन आले. साडीला हळद लागली आहे, जाणार नाही. चनबसप्पांनी मांडवात ओळख करून दिली : "ह्याच त्या बाई, ज्यांनी वस्ती गायब केलती." सगळे हसले. मीही. पुरणपोळी वाढताना तेच आग्रह करत होते.

घरी आले तर वरदचा निरोप : "पिवळ्याचं काय करणार आहेस ते सांग."

१६ एप्रिल, गुरुवार

केलं. नियमांच्या फाईलमध्ये एकेक पिवळा नियम लाल करून टाकला. आता एकही रेघ असेल तर पान चढतच नाही. पेन्सिल बंद. वरदला कळवलं.

"बरं," म्हणाला. तीस तारखेला सांगतो म्हणाला.

२४ एप्रिल, शुक्रवार

भाकरी. लिंटर शांत. लिफ्ट अजून बंद.

३० एप्रिल, गुरुवार

वरदचा निरोप सकाळी : "पान तुझं, मावशी. बिघाडाची सूचना आता तुझ्याच फोनवर जाऊ दे. माझा नंबर काढ."

सूचना माझ्याकडे वळवली, सेव्ह केलं. चढेना! लाल रेघ. 'वरद' हे नाव इथे लिहिलंय, पण कुठेच वापरलेलं नाही.

नंबर पुसला. नाव पुसायला बोट नेलं, आणि थांबले. लिंटरलाही एखादी ओळ माफ करायला सांगता येतं, वर कारण लिहावं लागतं. लिहिलं : तसंच ठेवा. खाली सही केली.

पान चढलं. मंगळवारी पहाटे हिरेमठ वस्तीचा व्हॉल्व्ह सुटेल, बसू म्हणालाय.