तीन प्रश्नांचं पान

मंगळवार, ३ जून

संचालकांना स्वतःचा फोटो हवाय. हॉस्पिटलसाठी मी बनवतेय त्या नव्या वेबसाइटवर, सगळ्यात वर, सरकता. एक रिबिन कापताना, एक कुणाचं तरी बाळ उचलून घेताना, एक नुसताच. खाली त्यांचा, म्हणजे डॉक्टर इन्सफ्रान यांचा, संदेश. त्याखाली ब्रीदवाक्य. आणि तपासणीची वेळ कुठे घ्यायची? तर 'सेवा' दाबा, मग 'नागरिक', मग 'ऑनलाइन व्यवहार', मग खातं उघडा.

मी म्हटलं, लोक इथे फक्त वेळ घ्यायला येणार. दुसरं काहीही बघायला नाही.

विल्फ्रिदो प्रसिद्धी विभागाचा प्रमुख. डॉक्टरांच्या बायकोचा चुलतभाऊ. तो म्हणाला, "निदिया, किती शाळामास्तरणीसारखं बोलतेस! वेबसाइट म्हणजे घराचा दिवाणखाना."

दिवाणखाना. बाहेर फुटपाथवर, नदीवरून येणाऱ्या गार वाऱ्यात, माणसं पहाटेपासून तपासणीच्या एका चिठ्ठीसाठी उभी असतात. आणि याला दिवाणखाना सजवायचाय.

घरी येऊन कपाटाचं दार आपटलं. निखळलं. आता तेही दुरुस्त करा.

गुरुवार, ५ जून

सकाळी सातला चिठ्ठीच्या खिडकीपाशी गेले. त्यांनी पसंत केलेला नमुना फोनवर घेऊन. विल्फ्रिदोला चल म्हटलं होतं. म्हणाला, इतक्या लवकर उठलं की पोट बिघडतं.

रांगेत एक म्हातारी भेटली, सगळे तिला मानाने 'न्या' लावून न्या सेफेरीना म्हणतात. सत्तरीची. बाजारात मँडिओकाचे कंद विकते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, उजव्यात सुरू झालाय. तीनदा रांगेत उभी राहिली आणि तिन्ही वेळा तिचा नंबर यायच्या आत चिठ्ठ्या संपल्या.

फोन तिच्या हातात दिला. म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दाखवा.

तिने फोन नाकाला लावला. इन्सफ्रानच्या फोटोवर बोट दाबलं. "हाच का डोळ्यांचा?" मग कसंबसं खात्यापर्यंत पोचलो. पासवर्ड. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. तिने स्वतःचं नाव घातलं. लाल अक्षरं. मुलीचं घातलं. पुन्हा लाल अक्षरं.

"पोरी, मी काय चुकीचं केलं?"

काही नाही! तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं. चूक आमची, आणि दरडावणं तिला — तेही लाल रंगात, दिसत नाही अशा डोळ्यांना.

थर्मासमधून तिने मला गरम, गोड कोसिदो चहा ओतून दिला. म्हणाली, "रडू नकोस, बाई." मी रडत नव्हते. राग आला होता.

शुक्रवार, ६ जून

विल्फ्रिदोला कालचं सगळं सविस्तर लिहून पाठवलं. उत्तरात एक हसरा चेहरा. बस, तेवढंच.

मंगळवार, १० जून

बैठक. मी तोंड उघडायचं नाही असं ठरवून गेले होते. पण विल्फ्रिदो म्हणाला, "बाजारातल्या बायकांना विचारून वेबसाइट बनवायची का आता?" मग माझं डोकं फिरलं.

माझा फोन डॉक्टर इन्सफ्रानच्या पुढ्यात ठेवला. "डॉक्टर, तुमच्या आईचे डोळे दाखवायचेत असं समजा. घ्या वेळ."

हसत हसत सुरुवात केली. अकरा मिनिटं. पासवर्ड चारदा नाकारला. पाचव्यांदा घेतला आणि मग सांगितलं की, या ओळखपत्रावर आधीच खातं आहे. खोलीतला प्रत्येक जण चिपा पावांच्या ताटलीकडे टक लावून बघत होता.

"हे माझं काम नाही. मला सेक्रेटरी आहे."

"बाहेरच्यांना नाही," मी म्हटलं.

"नीघ इथून."

निघाले. नोकरी गेली असं धरून चालतेय. बरं झालं, असंही वाटतंय.

गुरुवार, १२ जून

इन्सफ्रानचा स्वतःचा फोन! म्हणाले, "आईला तो नमुना खरंच दाखवला काल. तिने फोन माझ्याकडे फेकला. तुला हवं तसं कर. फोटो काढून टाक. पण अहवाल दे, तुझ्या सहीचा. काय ठेवायचं, काय बंद करायचं, सगळं लिही. मी तसंच करीन."

विल्फ्रिदो माझ्याशी बोलत नाही.

बुधवार, १८ जून

अहवाल दिला. एकोणचाळीस पानं, सगळी रागाच्या भरात. विल्फ्रिदोला झोंबतील अशी वाक्यं घातलीत. परत वाचलं नाही. वाचलं असतं तर मवाळ केलं असतं.

सोमवार, ३० जून

सुरू झालं. एक पान, तीन प्रश्न. ओळखपत्राचा नंबर, कोणता डॉक्टर, कोणता दिवस. मोठी काळी अक्षरं, एक बटण. पासवर्ड नाही, फोटो नाही. संध्याकाळी बसमध्ये एक मुलगी कडेवरच्या लेकराला सांभाळत एका अंगठ्याने वेळ घेताना पाहिली. दोन थांब्यांमध्ये झालं तिचं.

विल्फ्रिदो म्हणाला, "फार ओकंबोकं दिसतंय."

तसंच हवंय, बाबा.

बुधवार, २ जुलै

रिकामा फुटपाथ बघायला गेले होते. रांग तशीच. उलट वाढलेली. आणि खिडकीला फळी ठोकलेली! वर कागद: वेळ फक्त वेबसाइटवर.

पहारेकरी म्हणाला, "सोमवारपासून हुकूम आहे, बाई. मी काय करू?" लोकांना कुणी सांगितलंच नव्हतं. उघडेल या आशेने उभे होते.

न्या सेफेरीनाने मला हाताने ओढलं. "बरी भेटलीस. काढ तो तुझा फोन."

"तुमचाच काढा, शिकवते. आता अगदी सोपं केलंय."

तिने झोळीतून काढला. बटणांचा, चिकटपट्टीने बांधलेला. "याच्यावर फक्त बोलता येतं, पोरी. त्या दिवशीचा तुझा होता ना?"

माझा होता. मी विचारलंच नव्हतं.

माझ्या फोनवर बघितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या वेळा नोव्हेंबरपर्यंत संपलेल्या. रांगेत तेवीस माणसं मोजली, सोळा जणांकडे तसलेच बटणांचे फोन.

एवढं सगळं करून शेवटी फळी ठोकली त्या इन्सफ्रानने. उद्या त्याला सोडत नाही.

गुरुवार, ३ जुलै

दार न वाजवता आत गेले. निर्दय म्हटलं, फोटोचा हपापलेला म्हटलं, आणखीही बरंच. इन्सफ्रान ऐकत राहिले. मग खणातून माझा अहवाल काढला, पान एकतीस उघडलं. पेन्सिलीने खूण केलेली.

'खिडकी आणि वेबसाइट दोन्ही ठेवल्यास लोक गोंधळतात. एकच सोपा मार्ग असावा. खिडकी तात्काळ बंद करावी.'

"मला ती ठेवायची होती," ते म्हणाले. "म्हटलं, यातलं तुला जास्त कळतं."

कोरा कागद मागितला. उभ्यानेच लिहिलं: खिडकी उघडा, अर्ध्या वेळा तिथे द्या, चूक माझी. सही केली.

बाराला फळी निघाली. न्या सेफेरीना आज आलीच नव्हती. तिच्या फोनवर बोलता येतं, पण तिचा नंबर मी कधी घेतलाच नाही. तिचा बाजार पाचला आवरतो. निघाले.