भट्टीमागची अळंबी चर्चच्या टेबलावर

प्रति,
मा. नगर आरोग्य अधिकारी,
श्री. ड्वेन रिट्झमन यांचे सेवेशी,
नगरपालिका कचेरी, टिलरी फॉल्स, मिसूरी.

विषय : विषारी अळंबी गावाला खाऊ घातल्याबाबत व खाणाऱ्यांचे रक्त आजच तपासण्याबाबत.

संदर्भ : १) आपले परवानगीपत्र, दि. ४ एप्रिल. २) आज सकाळी आपल्या कचेरीत मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

मी खाली सही करणारी वेल्डा क्रम्पटन, जेवढा आदर अजून शिल्लक आहे तेवढा राखून अर्ज करते की,

१. बंद पडलेल्या शिशाच्या भट्टीमागची माती स्वच्छ करण्यासाठी तेथे धिंगरी अळंबी लावण्याची परवानगी आपण मला दिलीत. ही अळंबी मातीतले शिसे आणि कॅडमियम ओढून स्वतःत साठवते. नंतर ती कापून, पिंपात सीलबंद करून धोकादायक कचऱ्यात द्यावी लागते. हे मी आपल्याच टेबलाशी बसून, आपल्याच पेनाने चित्र काढून समजावले होते. आपण मान डोलावलीत. आपल्याला ओ की ठो कळले नव्हते, हे मला आता कळले.

२. पिंपांसाठी मी तीन अर्ज केले. कचरा विभागाने कळवले, अळंबी हे अन्न आहे, आम्ही अन्न उचलत नाही. अन्न विभागाने कळवले, त्यात शिसे आहे, सबब ते अन्न नाही. दोन्ही विभाग आपल्याच हाताखाली, एकाच जिन्यावर आहेत. अळंबी मात्र कागद फिरून येईपर्यंत थांबत नाही. ती फुलली, आणि दिसायला फार सुरेख फुलली.

३. गेल्या मंगळवारी मी पिंपे शोधायला शेजारच्या गावी गेले असता, पाहुणे येणार म्हणून आपण जागा साफ करायला माणसे धाडलीत. त्यांनी आधी माझी ‘खाऊ नये’ ही पाटी उपटली, कारण ती वाईट दिसत होती. मग सात खोकी अळंबी कापली. आपल्या गावात बागेतले जास्तीचे काही फेकत नाहीत, चर्चच्या टेबलावर ठेवतात. ऑगस्टात कोणी बागेत उतू गेलेली झुकिनी, ती काकडीसारखी भाजी, गाडीत टाकून जाईल या धास्तीने आपण गाड्यांना कुलपे लावतो, इतके हे अंगवळणी पडलेले. त्या भल्या माणसांनी खोकी टेबलावर मांडली आणि वर चिठ्ठी लावली : “वेल्डाच्या बागेतून, प्रेमाने.”

४. बुधवारी चर्चच्या सामुदायिक जेवणात त्या अळंबीचे सूप झाले. हे कळताच मी आज सकाळी कचेरीत धावत आले, तर आपल्या कारकून ऑर्पाबाई मला म्हणाल्या, “अगं वेल्डा, एवढी तापतेस कशाला? आमच्या ह्यांनी दोन वाट्या ओरपल्या, ठणठणीत आहेत. लेखी दे, तीस दिवसांत बघू.” मी म्हटले, “ऑर्पा, शिसं काय दार वाजवून येतं का गं?” त्यावर त्यांनी मला कोरा कागद दिला. हाच तो कागद.

५. सबब, बुधवारी जेवलेल्या आणि खोक्यातली अळंबी घरी नेलेल्या प्रत्येकाचे रक्त आजच तपासावे. उरलेली अळंबी घरोघर जाऊन गोळा करावी. चर्चच्या दारावर खरे काय ते लिहावे, आणि ते आपल्या सहीने लिहावे.

६. माझी सून टॅमरा सातव्या महिन्यात आहे. तिला अळंबी आवडत नाही. चिठ्ठीवर माझे नाव वाचून, सासूला बरे वाटावे म्हणून तिने सगळी वाटी संपवली, आणि मला फोन करून छान झाले होते असे सांगितले. मला तिला खरे सांगण्याचा धीर झालेला नाही. दुपारी दोन वाजता मी तिला घेऊन आपल्या कचेरीत येत आहे. ते तिला आपण सांगावे. मी शेजारी उभी राहीन.

उत्तराची नव्हे, नर्सची वाट पाहणारी,

वेल्डा क्रम्पटन
टिलरी फॉल्स, शुक्रवार, दि. १३ जून

सोबत : १) परवानगीपत्राची प्रत. २) प्रयोगशाळेचा अहवाल. ३) चर्चमधून परत आणलेल्या अळंबीची सीलबंद पिशवी. कृपया कोणीही घरी नेऊ नये.